गुण्या

जळगावहून निघताना डॉक्टरांनी लिहून दिलं:
काटकोनापुढे वाकायचं नाही.
मांडी नाही, उकिडवं नाही, पायावर पाय नाही.
खाली पडलेलं उचलायचं नाही.
मी कागद मिस्तरींकडे दिला.
चाळीस वर्षं सुतारकी केलेला माणूस,
दोनदा वाचला,
आणि आतून गुण्या घेऊन आले.

घरातली प्रत्येक बसायची जागा मापली.
खुर्ची बुटकी निघाली. पलंगही.
रात्री अकरापर्यंत बाभळीचे चार ठोकळे तासले,
अर्धी गल्ली जागी ठेवून.
सकाळी पलंग एवढा उंच
की मला पहिल्यांदाच दिसलं,
आपल्या कपाटाच्या माथ्यावर किती धूळ आहे ते.

चैत्र. त्रेचाळीस अंश.
आणि माझ्या पायात मांडीपर्यंत घट्ट पांढरे मोजे.
चढवायला त्यांना वीस मिनिटं लागतात.
इतक्या वर्षांत माझ्या पायांकडे
त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं,
गाठ आलेल्या फळीकडे पाहतात तसं,
कुठून धरलं तर फाटणार नाही.

रात्र उताणी.
दोन गुडघ्यांमध्ये उशी, कूस बंद.
लाईट जाते, कूलर थांबतो,
मग सुरत लाईनीवरची मालगाडी ऐकू येते धरणगाव ओलांडताना.
मी डबे मोजते. अठ्ठावन्न.
नवा सांधा आत पाहुण्यासारखा बसलाय,
काही मागत नाही,
पण घरातलं कोणी मोकळं होत नाही.

अकराव्या दिवशी रडले.
दुखलं म्हणून नाही.
टिकलीचं पाकीट हातातून निसटलं
आणि वॉकरच्या पायाशी पडलं.
घरात कोणी नव्हतं.
मी त्याच्याकडे पाहत होते
दीड तास.

बायका येतात.
‘कशी शे व आते?’
‘बरी शे.’
‘लोखंड बसाडं का?’
‘हो ना. सुतारनी बायको नि लोखंडनं हाड!’
त्या हसतात. मीही हसते, बेतानं,
टाके अजून ताजे आहेत.

खुब्याची वाटी झिजली म्हणाले.
झिजणारच.
कुणाचं लग्न, कुणाचं बारसं,
सुपडाबाईला बोलवा, खापरावर तिचाच हात.
चुलीपुढे मांडी घालून सहा-सहा तास,
पुरणाची पोळी कोपरापर्यंत पसरत.
त्या मांडीची किंमत
आता एक्स-रेत पाहिली.

सहाव्या आठवड्यात आखाजी आली.
समोरच्या लिंबाला झोका,
माहेरी आलेल्या पोरी फांदीला पाय लावू पाहताहेत.
घागर भरून झाली.
खापरापुढे सून बसली, मयूरी,
आणि मी उंच खुर्चीवरून हुकूम सोडत होते:
कोपर उचल. मनगट फिरव. अगं, सोड आता!
तीन पोळ्या फाटल्या.
मनगट कधी सोडायचं
हे तोंडानं सांगता येत नाही, हे मला
त्रेसष्टाव्या वर्षी कळलं.

‘दे इकडे,’ म्हणाले
आणि उठले.
उंडा दोन्ही हातांवर घेतला.
या हातावरून त्या हातावर,
पोळी वाढत गेली, उपरण्याएवढी,
तिच्यातून चुलीचा जाळ दिसू लागला.
मग वाकायचं आलं. वाकले नाही.
मयूरीनं हात पसरले,
तान्हं मूल द्यावं तशी तिच्या हातांवर दिली.
तिनं खापरावर टाकली.

तेव्हा दिसलं,
वॉकर खुर्चीपाशीच उभा आहे,
चार पावलं मागे.

मग मात्र मांड्या थरथरल्या.
मिस्तरींनी न बोलता वॉकर आणला,
खाली बसून उजवा मोजा वर ओढला.
पोळी एका कडेला जळली होती.
कुणाच्या पानात वाढू दिली नाही,
मीच खाल्ली.

रात्री पुन्हा उताणी. उशी. मालगाडी.
डबे मोजताना मध्येच चुकले,
कारण मला आठवून पाहावं लागत होतं
नवा पाय
यातला कोणता.